जागच्या जागी

पडद्यावरच्या साहेबाने हातातला कप खाली ठेवला आणि धाकटीने जीभ चावली. सकाळपासून तो माणूस कप हातात धरूनच ऐकत होता. कामगारांच्या बाजूने युनियनचे अध्यक्ष बोलले, तावातावाने बोलले, टेबलावर बोट आपटून बोलले, तरी कप हातातच. ऐकतोय की उघड्या डोळ्यांनी झोपलाय, कळायला मार्ग नाही. आणि ही एकच वाक्य बोलली, जे मुळात बोलायचंच नव्हतं. कोपऱ्यात कानाला यंत्र लावून बसलेल्या दुभाष्याने ते उचललं, आपल्या सपाट आवाजात परक्या भाषेत नेऊन टाकलं, आणि तिकडे, जिथे म्हणे अजून पुरतं उजाडलंही नव्हतं, कप खाली गेला. वाक्य तरी काय मोठं होतं! "आमची लाइन आजवर कुणावाचून अडली नाही, आम्ही बायका आपसांत सरकून घेतो." एवढंच. पण ते बोलून झालं आणि खोलीतला एसीचा आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी श्वास आत ओढला तो तसाच धरून ठेवला. समोरची एचआरची बाई इतका वेळ लॅपटॉपवर नुसती बोटं टेकवून बसली होती, ती भराभर टाइप करायला लागली.

युनियनच्या वाटाघाटी समितीची रीत ठरलेली होती. टेबलावर तोंड एकच, अध्यक्षांचं. बाकीच्यांनी बसायचं, ऐकायचं, चेहरा कोरा ठेवायचा, आणि अगदीच राहवलं नाही तर अध्यक्षांच्या कोपराला हात लावायचा, म्हणजे ते 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणत उठायचे. समितीवर आल्यापासून धाकटीने ही रीत इमानेइतबारे पाळली होती. लाइनवरच्या बायका तर चेष्टा करायच्या, आम्ही बाई बोलायला पाठवली आणि ही तिथे फुकटचा चहा ढोसून येते. महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या होत्या. कंपनीचे कारखाने देशोदेशी. गाड्यांच्या पोटात वायरींचं जे जाळं असतं ते जोडायचं काम सगळीकडे सारखंच. नव्या करारात कंपनीला लवचिकता हवी होती, म्हणजे कुणालाही, केव्हाही, कुठल्याही लाइनवर, कुठल्याही पाळीत उभं करता आलं पाहिजे. युनियनचं मागणं एकच, कुणाचं काम जाणार नाही असं लिहून द्या. आणि आज एचआरच्या बाईने अगदी गोड आवाजात सांगितलं, की इथल्या बायकांना आपली जागा सोडून एक पाऊल बाजूला टाकवत नाही, एक आली नाही की लाइन बसली. आमच्या दुसऱ्या कारखान्यांत असं होत नाही, तिथली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. सांभाळून घेतात! धाकटीच्या डोक्यात सणक गेली. कुणी कुणाला किती सांभाळलंय हे या बाईला काय ठाऊक? तिच्या त्या गुळगुळीत नखांना काय ठाऊक? आणि त्या सणकीत वाक्य निसटलं.

"साहेब विचारतायत," दुभाषी म्हणाला, "सरकून घेता म्हणजे नेमकं काय करता? एकीचं काम दुसरी करते?"

टेबलाखाली अध्यक्षांचा बूट तिच्या पावलावर येऊन टेकला. "म्हणजे... अडीनडीला," ती म्हणाली. 'अडीनडीला' हा शब्द दुभाष्याने पलीकडे कसा नेला, नेला की वाटेतच सांडला, हे तिला कधीच कळणार नव्हतं. साहेब हसला. हसू वाईट नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. तपासता तपासता डॉक्टर एकदम गोड बोलायला लागला की वाटते, तशी.

"साहेब म्हणतात, फार छान. हेच तर आम्ही मागतोय. तुमच्याकडे ते आधीपासूनच आहे, तर मग आपण भांडतोय कशासाठी? आज दुपारी आमच्या एक बाई लाइनवर येऊन बघतील. साहेबांना शिकून घ्यायला आवडेल."

बाहेर पाण्याच्या यंत्राजवळ अध्यक्षांनी तिला गाठलं. अध्यक्ष मूळचे वेल्डर. रागावले की एक डोळा बारीक करायचे. "ताई, काय केलंत हे? आयतं कोलीत दिलंत की त्यांच्या हातात!"

"मला राहवलं नाही हो. ती बाई वाट्टेल ते बोलत होती."

"बोलू दे ना! बोलायचा पगार घेते ती. आपण गप्प बसायचं. इतके दिवस मी घसा कोरडा करून काय सांगतोय, की एकेक जागा म्हणजे एकेक कसब आहे, इथला माणूस तिथे उचलून ठेवता येत नाही. आणि तुम्ही म्हणता, सरकून घेतो!" मग त्यांचा आवाज उतरला. राग टिकवून धरणारा तो माणूसच नव्हता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि जवळ येऊन म्हणाले, "असू दे. झालं ते झालं. आता नीट ऐका. दुपारी ती बाई येईल. तिला दिसलं पाहिजे की सरकणं-बिरकणं काही नसतं. प्रत्येकीने जागच्या जागी. शेजारणीच्या फळीला बोट लावायचं नाही. एखादीचं काम राहिलं तर राहू दे. लाल दिवा लागू दे. लाइन थांबू दे. थांबलीच पाहिजे! नाहीतर उद्या म्हणतील, एवढ्या जणी हव्यात कशाला, निम्म्यांत भागतंय. मग तुमच्याच लाइनच्या अर्ध्या बायका घरी बसतील, ताई. तुमच्या एका वाक्याने."

"अध्यक्ष..."

"बोला."

"काही नाही."

"तुमच्या लाइनला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने.

बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन तिने नळ सोडला आणि उगाचच हात धुवत राहिली. लाल दिवा लागू दे. किती सहज म्हणाले! लाइनवर प्रत्येक जागेच्या वर एक दोरी लोंबते, दोरीवर दिवा. सरकत्या साखळीवरून समोर आलेली, वायरी जोडायची फळी पुढे जायच्या आत काम पुरं झालं नाही, की दोरी ओढायची, दिवा लागतो, सगळी लाइन थांबते, मुकादम धावत येतो. आणि सगळ्या जणी आपापल्या जागी राहिल्या तर दिवा कुठे लागणार हे धाकटीला आरशात स्वतःचं तोंड दिसावं तितकं स्वच्छ दिसत होतं. तिच्या उजव्या हाताच्या जागेवर. थोरलीच्या डोक्यावर. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. घरात चूल एक, लाइनवर जागा शेजारशेजारच्या. थोरले दीर गेले तेव्हा हा कारखाना नुकताच उभा राहत होता. लोक म्हणाले, बाईमाणूस, आता धाकट्या दिराच्या आधाराने राहील. थोरलीने डोळे पुसले आणि काम मागायला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. कामावरून आल्यावर ती आपली पिशवी टेबलावर धपकन ठेवायची, रोज, आणि त्या आवाजात जे असायचं ते घरातल्या प्रत्येकाला ऐकू जायचं. मी इथे कुणाच्या जिवावर नाही. तोंडाने ती असं कधी बोलली नाही. मागे एकदा धाकटीचा नवरा जेवताना सहज म्हणाला, "वहिनी, पुष्कळ केलंत, आता आराम करा की," तर थोरलीचा चेहरा असा पांढराफटक पडला, की त्या बिचाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळेना.

आणि हात! त्या हातांकडे बघूनच तर धाकटी काम शिकली. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा तिला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता, थोरलीने तिला कारखान्यात लावून घेतलं, आपल्या शेजारी उभं केलं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "डोळ्यांनी बघशील तर फसशील. पिन भोकात बसली की टक् होतं. ते कानाला ऐकू येत नाही, बोटाला कळतं." केसांच्या काट्याहून बारीक पिना, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातली त्याहून बारीक भोकं, आणि थोरली शेजारणीशी बोलत बोलत, हसत हसत, न बघता एकेक बसवत जायची. धाकटीला त्या बोटांचा हेवा वाटायचा. तिचं मूल आजारी पडायचं तेव्हा थोरली आपलं काम उरकून हिच्या फळीवरच्या वायरींना टेपही गुंडाळायची आणि वर म्हणायची, "जा, फोन लावून ये घरी, तुझं तोंड बघवत नाही मला." सरकून घेणं ते असं. कुणाचं पोट दुखलं, कुणाची रात्र रडण्यात गेली, की लाइन अर्धी जागा इकडे सरकायची, अर्धी तिकडे, आणि फळ्या आपल्या पुऱ्या होऊन पुढे जायच्या. त्याला नावसुद्धा मागाहून मिळालं. अडीनडीलाच होतं ते. मग एके दिवशी घरी थोरली चहा ओतत होती आणि चहा कपाऐवजी बशीत पडला. "कपच हलतोय मेला," असं म्हणून ती हसली. धाकटीही हसली. दुसऱ्यांदा पडला तेव्हा दोघींपैकी कुणी हसलं नाही.

लाइनवर ते धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा तिला थोरलीचा चेहरा बघायचा धीर झाला नाही. पिन भोकाच्या काठाला लागत होती आणि फिरत होती; पुन्हा लागत होती, पुन्हा फिरत होती. फळी तर सरकतच होती. धाकटीने हात लांब केला आणि ती पिन बसवून टाकली, आपण काहीच केलं नाही अशा बेताने. थोरलीने बघितलं नाही, की बघूनही न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या पलीकडची, जिला सगळे रेडिओ म्हणतात, तिने आपली बडबड क्षणभरही न थांबवता थोरलीच्या वाट्याच्या काही पिना स्वतःकडे ओढल्या. मग रेडिओच्या पलीकडचीने रेडिओचं थोडं घेतलं. बघता बघता सगळी लाइन सरकली. कुणी सभा घेतली नाही, कुणी कुणाच्या कानात सांगितलं नाही. थोरलीकडे क्लिपा बसवायचं काम आलं, तळहाताने दाबायचं, बोटांचं नाही. सगळ्या लाइनच्या क्लिपा ती एकटी बसवायची, कामचुकारपणा तिच्या रक्तातच नव्हता. फक्त शेवटी, पिनांच्या खाली, जिचं काम तिने आपल्या नंबराचा शिक्का मारायचा असतो, तिथे शिक्का थोरलीचाच पडायचा. तेवढा तिने कधी कुणाला मारू दिला नाही. जगात कुठेतरी, कुठल्यातरी रस्त्यावर, थोरलीच्या शिक्क्याच्या आणि धाकटीच्या बोटांच्या गाड्या धावत होत्या. एकही वायर सुटून आली नव्हती. पण कंपनीच्या भाषेत याला काय म्हणतात ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. खोटा शिक्का म्हणजे फसवणूक. त्यात एकटी थोरली नव्हती, सगळी लाइन होती, आणि लाइनची समितीवरची बाईही होती.

मग सांगायचं कुणाला? अध्यक्षांना? नळाचं पाणी गार होतं, बोटं बधिर होत चालली होती. अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. मागच्या कराराच्या वेळी गोदामातला तो उंच माणूस होता, ओझी उचलून पाठ गेलेला. तेव्हाही कंपनी म्हणाली होती, सगळ्यांची नोकरी शाबूत, फक्त शब्द घाला, 'कामास सक्षम असलेले'. शब्दच तर आहे. अध्यक्षांनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन त्या उंच माणसाच्या गळ्यात पडून रडले, खरंखुरं रडले. निरोप मोठा थाटात झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकटी पुढे होती, तिला अजून आठवत होतं, हात लाल होईपर्यंत वाजवल्या होत्या. नंतर एकदा तो माणूस बाजारात दिसला, फळांच्या गाडीशी, एक फळ हातात घेऊन नुसता उभा, घेतही नव्हता, ठेवतही नव्हता. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेली. काय बोलणार होती? अध्यक्षांना आज सांगितलं तर त्यांचा डोळा बारीक होईल, मग ओला होईल, आणि मग ते म्हणतील, ताई, एका माणसासाठी सगळी लाइन पणाला लावायची का? तिने नळ बंद केला. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ओले हात तोंडासमोर सरळ धरले, बोटं पसरून, आणि बघितलं. स्थिर होती. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी किळस आली, की तिने हात न पुसताच दार लोटलं.

ती जिना उतरून खाली लाइनवर आली. दुपारची सुट्टी संपत आली होती. लाइनच्या बायका डबे विसळून फळ्यांपाशी उभ्या होत्या, रेडिओ कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होती, आणि थोरली तिला म्हणत होती, "अगं, हळू, तुझीच सासू ऐकतेय असं वाटेल कुणाला." सगळ्या हसत होत्या. धाकटीला तिथेच थांबावंसं वाटलं, खांबाआड, ते हसणं संपेपर्यंत, मग आणखी थोडं. पण रेडिओनेच बघितलं. "आली बघा बाईसाहेब! काय, आज तरी तोंड उघडलंत का?"

"उघडलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज ऐकून रेडिओचा चेहरा उतरला.

तिने सांगितलं. काही लपवलं नाही. आपण काय बोललो, साहेब काय म्हणाला, अध्यक्षांचा निरोप काय. जागच्या जागी. बोट लावायचं नाही. लाइन थांबली तर थांबू दे. सांगताना ती सगळ्यांकडे बघत होती, एकीला सोडून. मग रेडिओ, जिला बोलल्याशिवाय गिळता येत नाही, ती अगदी हळू म्हणाली, "आणि हिचं?"

"बघू," धाकटी म्हणाली.

"बघू म्हणजे? काय बघू? सरकायचं की नाही सरकायचं?"

"नाही सरकलो तर एक जाईल," टोकाची एक जण म्हणाली, जिचा नवरा गेले कित्येक महिने घरीच बसून होता. "सरकलो तर कोण कोण जाईल, सांगता येतं का?" ती असं बोलली आणि लगेच तोंडावर हात ठेवून खाली बघायला लागली. तिला कुणी वाईट म्हणालं नाही. धाकटीला वाटलं, कुणीतरी म्हणावं. तिच्यावर ओरडावं, तिला गप्प करावं. पण प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घराचा उंबरा ओलांडून आत जाऊन आली होती, आत कोण कोण खाणारं आहे ते बघून आली होती, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत तेच दिसत होतं.

धाकटीने थोरलीला दंडाला धरून बाजूला घेतलं. "वहिनी, तुम्ही आज अर्धी रजा टाका. डोकं दुखतंय म्हणा. मी मुकादमाशी बोलते."

"आज?" थोरली म्हणाली. तिने उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता, हल्ली तो तसाच असायचा. "ती बाई उद्या येईल, परवा येईल. किती दिवस डोकं दुखवून घेऊ? एवढं दुखायला लागलं तर तेच तपासतील आधी."

"मी बोलायला नको होतं, वहिनी."

"नव्हतंच बोलायचं." थोरली तिच्याकडे सरळ बघत म्हणाली. मग तोंड वाकडं करून हसली. "पण ती एचआरची बाई मला भेटली असती ना, तर मीसुद्धा बोलले असते. सांभाळून घेतात म्हणे! चल, भोंगा व्हायचा."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते तर. जीव मुठीत धरून उभी राहते मी रोज. तुला काय वाटलं, नुसता हातच थरथरतो?"

भोंगा झाला. कंपनीची पाहुणी मुकादमाबरोबर आली. तरणीताठी, नीटनेटकी, हातात पाटीसारखं काहीतरी घेऊन. तिने सगळ्यांना हसून नमस्कार केला, मी नसल्यासारखंच काम करा असं सांगितलं, आणि धाकटीच्या समोर, थोड्या अंतरावर, भिंतीशी जाऊन उभी राहिली. वरच्या काचेच्या गॅलरीत अध्यक्ष येऊन थांबले होते, पलीकडच्या टोकाला एचआरची बाई. साखळी खडखडली, फळ्या निघाल्या. रेडिओ गप्प होती. इतक्या वर्षांत ती पाळी चालू असताना कधी गप्प बसली नव्हती, आणि त्यामुळे यंत्रांचा आवाज आज उघडा वाटत होता. रेडिओने आपल्या वाट्याचं केलं, फक्त आपल्या वाट्याचं, आणि हात मागे घेतले. फळी थोरलीसमोर आली. सगळ्या पिना तिच्या. धाकटी स्वतःच्या फळीवर टेप गुंडाळत होती, टेप ताणून, जोडावर जोड चढवत, जसं थोरलीने शिकवलं होतं, आणि नजर खाली असूनही तिला उजवीकडचं सगळं दिसत होतं. पहिली पिन बसली. दुसरी बसली. तिसरी काठाला लागली, फिरली. थोरलीने ओठ आवळून पुन्हा धरली. तिला डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरावं लागत होतं, मग ठोकळा कशाने धरायचा? फिरली. कपाळावरून घाम उतरून तिच्या नाकाच्या शेंड्याशी आला. धाकटीने मनातल्या मनात धावा मांडला. देवा, बसू दे, एवढी बसू दे. अशा फळ्या अजून किती यायच्या होत्या, तिला तेवढ्यापुरतं आठवत नव्हतं. एवढी एक बसली की पाहुणी निघून जाईल, दुपार संपेल, सगळं पूर्वीसारखं होईल, असं तिचं मन एखाद्या पोरासारखं हट्टाने म्हणत होतं.

आणि तिचा हात गेला. तिने नेला नाही, गेला. इतके दिवस जातच होता. बोटं थोरलीच्या फळीच्या काठापर्यंत पोचली. तेवढ्यात भिंतीशी पाहुणीने मान वळवली. धाकटीने वर बघितलं, पाहुणीकडे, तिच्यावरच्या काचेकडे, लाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या बाईच्या वाकलेल्या डोक्याकडे, ज्या बाईचा नवरा घरी बसला होता. आणि हात परत आला. भाजल्यासारखा परत आला आणि आपल्या टेपवर जाऊन बसला. हे सगळं थोरलीने बघितलं. आज तिने न बघितल्यासारखं केलं नाही.

"तुझं कर," ती हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. घरी दूध उतू जायला लागलं की 'बघ तिकडे' म्हणायची, तशी म्हणाली.

फळी पुढे सरकायची वेळ आली. थोरलीने वर हात केला आणि दोरी ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दिवा लागला, साखळी थांबली, आणि त्या शांततेत एक पिन खाली पडून घरंगळत गेल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मुकादम धावत आला. पाहुणी जवळ आली, वाकून बघितलं, आणि मग फळीवरून तिची नजर थोरलीच्या हातांवर गेली. थोरलीने ते लपवले नाहीत. कमरेशी सोडून दिले, हलू दिले. "माझ्याच्याने होत नाही हे," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं. "माझं मीच करत होते आजवर. आता होत नाही." पाहुणीने मान डोलावली, पाटीवर काहीतरी लिहिलं, आणि अगदी अदबीने विचारलं, की आपण जरा माझ्याबरोबर ऑफिसात येता का? थोरलीने खिशातून शिक्का काढला, फळीच्या कडेला ठेवला, आणि तिच्या मागोमाग निघाली. जाताना ती धाकटीच्या पाठीवरून हात फिरवून गेली की नुसतीच जवळून गेली, ते धाकटीला नीट कळलं नाही. तिने वर बघितलं. काचेपलीकडे अध्यक्ष उभे होते. लाइन थांबली होती, ठरल्याप्रमाणे थांबली होती, आणि त्यांनी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. शाब्बास.

मुकादमाने दुसऱ्या लाइनवरून एक मुलगी आणून थोरलीच्या जागी उभी केली. पिना बसवायला तिला जेमतेम येत होतं, पण हात स्थिर होते. साखळी खडखडली. फळ्या एकामागून एक येत राहिल्या आणि धाकटी टेप गुंडाळत राहिली, ताणून, जोडावर जोड, मान वर न करता. पाळी संपेपर्यंत तिच्या हातून एकही चूक झाली नाही.